इंग्रजीतला हरवलेला 'तू': 'दाऊ'विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'दाऊ' हा जुना इंग्रजी शब्द कुणाला शेक्सपिअरच्या नाटकात भेटतो, कुणाला चर्चमधल्या प्रार्थनेत, तर कुणाला एखाद्या व्हिडिओ गेममधल्या चिलखतधारी सरदाराच्या तोंडी. मग प्रश्न सुरू होतात. इंग्रजी साहित्य शिकणारी मुलं, नाटकांचे अनुवाद करणारी मंडळी आणि काही नुसतेच शब्दवेडे गेली काही वर्षं मला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवत आले, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. 'दाऊ' म्हणजे नेमकं काय?

तू. टी-एच-ओ-यू या चार अक्षरांचं हे इंग्रजीतलं द्वितीय पुरुषी एकवचनी सर्वनाम. समोर एकच माणूस असेल तर 'दाऊ', एकाहून जास्त असतील तर 'यी' किंवा 'यू', अशी एकेकाळी सरळ विभागणी होती. आजच्या इंग्रजीत समोर एक असो की पन्नास, तान्हं मूल असो की न्यायाधीश, सगळ्यांना 'यू'. म्हणजे इंग्रजीने आपला 'तू' हरवला आणि 'तुम्ही'वर संसार चालवला. 'दाऊ' हा त्या हरवलेल्या 'तू'चा मागे राहिलेला ठसा आहे.

२. उच्चार 'दाऊ' करायचा, 'थाऊ' की 'दो'?

'दाऊ'. शेवट 'नाऊ' आणि 'काऊ'सारखा. 'दो' हा वेगळा शब्द आहे, त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी जी-एच येतं आणि अर्थ 'जरी' असा होतो.

'थाऊ' मात्र पूर्वी खरोखर होतं, किंबहुना 'थू' होतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'तू'ला 'थू' म्हणत आणि घराला 'हूस', उंदराला 'मूस'. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकले. त्यात 'हूस'चं 'हाऊस' झालं, 'मूस'चं 'माऊस' झालं आणि 'थू'चं 'दाऊ'. (आपल्या मूषकातला 'ऊ' जुन्या 'मूस'मध्ये तसाच ऐकू येतो, बघा.) सुरुवातीच्या 'थ'चा 'द' झाला तो आणखी एका कारणाने. बोलताना ज्यांच्यावर जोर पडत नाही अशा छोट्या शब्दांत हा आवाज मऊ पडला. म्हणून 'दिस', 'दॅट', 'देअर', 'दाऊ' यांत 'द' आहे, पण 'थिन', 'थ्री', 'थर्स्ट' यांत 'थ' टिकून आहे.

३. 'दाऊ', 'दी', 'दाय', 'दाइन' यांत फरक काय?

मराठीत हा फरक आपण झोपेतही चुकत नाही: तू, तुला, तुझा. 'दाऊ' म्हणजे तू, 'दी' म्हणजे तुला आणि 'दाय' म्हणजे तुझा, तुझी, तुझं. 'दाऊ' कर्त्याच्या जागी येतो, 'दी' कर्माच्या जागी किंवा शब्दयोगी अव्ययाबरोबर. 'विथ दी' म्हणजे तुझ्याबरोबर, 'फॉर दी' म्हणजे तुझ्यासाठी.

'दाइन'च्या जागा दोन. एक, वस्तूचं नाव न घेता 'ते तुझं आहे' म्हणायचं असेल तेव्हा. दुसरी, पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तेव्हा 'दाय'ऐवजी. म्हणून 'दाय हँड' पण 'दाइन आइज'. आज आपण 'अ मँगो' पण 'अॅन अॅपल' म्हणतो त्याच जातीचा हा नियम. जुन्या कवितेत 'माय आइज'ऐवजी 'माइन आइज' दिसतं तेही याच नियमाने. 'स्वतःला' म्हणायचं तर 'दायसेल्फ'.

४. 'दाऊ' म्हणजे आदरार्थी संबोधन ना? ऐकायला तर फार भारदस्त वाटतं.

नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे. शाळेत मलाही 'दाऊ म्हणजे मानाने म्हटलेलं यू' असंच सांगितलं होतं, आणि बऱ्याच वर्षांनी खरं कळल्यावर वाचून झालेली नाटकं मी पुन्हा उघडून बसले. इतका अर्थ बदलतो.

'दाऊ' हा जवळिकीचा, घरातला, वरून खाली जाणारा शब्द. आई मुलाला, मालक नोकराला, प्रियकर प्रेयसीला, मित्र मित्राला आणि रागावलेला माणूस शत्रूला 'दाऊ' म्हणे. मान द्यायचा तर 'यू'.

मग तो भारदस्त का वाटतो? कारण बाजारातून, स्वयंपाकघरातून, शेतातून तो गेला आणि फक्त प्रार्थनेत आणि कवितेत उरला. ज्या शब्दाला आपण वर्षानुवर्षं घंटेच्या आणि मेणबत्तीच्या संगतीतच ऐकतो त्याला देवळाचा वास लागतो. मराठीत 'तव' आणि 'मम' यांचं तेच झालं आहे. 'तव' म्हणजे नुसतं 'तुझं', पण आज तो शब्द कानावर आला की पाठ आपोआप ताठ होते. उद्या मराठीत सगळे एकमेकांना 'तुम्ही' म्हणू लागले आणि 'तू' फक्त आरत्यांत उरला, तर दोनशे वर्षांनी कुणीतरी असंच विचारील की 'तू' हे देवासाठी राखून ठेवलेलं मानाचं सर्वनाम होतं का. आपल्याला आज ठाऊक आहे की विठोबाला 'तू' म्हणतो तो तो आपला आहे म्हणून. इंग्रजीतल्या देवालाही 'दाऊ' म्हणत त्यामागे आधी एकवचन आणि मग हीच जवळीक होती. बायबलपुरतं उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

५. क्रियापदाला 'एस्ट' कधी लावायचं आणि 'एथ' कधी?

'दाऊ'बरोबर 'एस्ट' किंवा नुसतं 'स्ट'. 'एथ' हे तृतीय पुरुषाचं, म्हणजे तो-ती-ते यांचं. 'दाऊ नोएस्ट' म्हणजे तू जाणतोस, 'ही नोएथ' म्हणजे तो जाणतो. खोटंखोटं जुनं इंग्रजी लिहिणारे सगळ्या क्रियापदांना सरसकट 'एथ' चिकटवतात. 'आय गोएथ' हे 'मी जातोस' म्हणण्याइतकं चुकीचं आहे.

काही रूपं पाठच करावी लागतात: 'दाऊ आर्ट' (तू आहेस), 'हॅस्ट' (तुझ्याकडे आहे), 'डस्ट' (करतोस), 'विल्ट' आणि 'शॅल्ट' (भविष्यकाळासाठी), 'कॅन्स्ट' (शकतोस). 'मस्ट' बदलत नाही. भूतकाळात 'डिड्स्ट', 'हॅड्स्ट', आणि 'होतास'साठी 'वॉस्ट' किंवा 'वर्ट'.

या 'स्ट'मधला 'स' आपल्या ओळखीचा आहे. तू करतोस, तू जातेस, तू जाणतोस यांच्या शेवटी जो 'स' येतो तो संस्कृतातल्या 'असि', 'भवसि' यांतल्या 'सि'चा वंशज. जुन्या इंग्रजीतही हा प्रत्यय आधी 'एस' एवढाच होता आणि तोही त्याच आदिम 'सि'पासून आलेला. मागचा 'ट' नंतर जोडला गेला. क्रियापदाच्या पाठोपाठ 'थू' उच्चारताना दोन्ही शब्द चिकटत आणि सर्वनामाचा पहिला आवाज क्रियापदाच्या शेपटीला अडकून राही. म्हणजे 'एस्ट'च्या शेवटी 'तू'चाच एक तुकडा लटकतो आहे.

६. 'दाऊ' आणि आपला 'तू' खरंच एकाच मुळाचे आहेत, की योगायोग?

एकाच मुळाचे. संस्कृत 'त्वम्', फारसी 'तू', लॅटिन 'तू', फ्रेंच 'त्यू', जर्मन 'डू' आणि इंग्रजी 'दाऊ' ही एकाच घराण्यातली भावंडं. इंग्रजीच्या शाखेत जुन्या 'त'चा नियमाने 'थ' होतो: त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृषा आणि थर्स्ट. त्याच नियमाने 'तू'चा 'थू' झाला आणि पुढे 'दाऊ' (प्रश्न २).

आता 'दाऊ नोएस्ट' आणि 'तू जाणतोस' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. 'दाऊ' आणि 'तू' एका मुळाचे. 'नो' आणि 'जाण' एका मुळाचे, दोन्ही 'ज्ञा'च्या कुळातले. इंग्रजी स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा 'के' हा त्या 'ज्ञ'चाच उरलेला अवशेष. आणि शेवटच्या 'स'ची कथा प्रश्न ५ मध्ये सांगितलीच. आजच्या 'यू नो'मधून यातल्या दोन गोष्टी गळून पडल्या, फक्त क्रियापद उरलं. माझ्या लेखी 'दाऊ' शिकण्याचं सगळ्यात मोठं सुख हे आहे.

जाता जाता एक. जुन्या इंग्रजीत संस्कृतासारखं द्विवचनही होतं. 'यित' म्हणजे तुम्ही दोघं. ते 'दाऊ'च्या कितीतरी आधी, तेराव्या शतकाच्या सुमारास, संपलं.

७. 'यी' आणि 'यू' यांत काय फरक होता? आणि जुन्या धाटणीच्या दुकानांच्या पाटीवर 'यी ओल्ड' लिहितात तो हाच 'यी' का?

'यी' म्हणजे कर्त्याच्या जागचं 'तुम्ही' आणि 'यू' म्हणजे कर्माच्या जागचं 'तुम्हांला'. पुढे 'यू'ने दोन्ही जागा बळकावल्या.

पाटीवरचा 'यी' मात्र सर्वनाम नाहीच. तो 'द' आहे. इंग्रजीत पूर्वी 'थ' आणि 'द' या आवाजांसाठी 'थॉर्न' नावाचं एक स्वतंत्र अक्षर होतं. हस्तलिखितांत ते पुढेपुढे वायसारखं दिसू लागलं, आणि युरोपातून आणलेल्या छपाईच्या खिळ्यांत ते अक्षर नसल्यामुळे छापणाऱ्यांनी त्या जागी वाय वापरला. वाचणारे त्याला 'द'च वाचत. त्यामुळे ती पाटी 'द ओल्ड' अशी वाचायची.

८. एका माणसाला 'तुम्ही' म्हणायची पद्धत इंग्रजीत आली कुठून?

फ्रेंचमधून. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि तिथे मोठ्या माणसाला अनेकवचनी 'व्हू' म्हणायची रीत होती. तेराव्या शतकापासून इंग्रजीतही तसाच वापर दिसू लागतो आणि चौदाव्यात तो चांगलाच रुजतो. त्याआधी राजालाही बिनदिक्कत 'थू' म्हणत, कारण तो एकच होता.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत, म्हणजे १६०० च्या आसपास, चित्र असं झालं होतं: वरच्या थरात 'यू' हा नेहमीचा, बिनरंगी शब्द, आणि 'दाऊ' वापरला की त्यात काहीतरी खास भावना. अनुवादकांनी हे लक्षात ठेवावं, कारण प्रश्न १४ मधली अडचण इथूनच निघते.

९. एकच पात्र एकाच माणसाला घटकेत 'दाऊ' आणि घटकेत 'यू' म्हणतं. ही लेखकाची चूक की छपाईची?

बहुतेक वेळा चूक नाही, अभिनयाची सूचना आहे. आपल्याकडे दोन माणसांचं भांडण पेटलं की 'तुम्ही'वरून गाडी 'तू'वर येते आणि शेजारी म्हणतात, 'एकेरीवर आले.' इंग्रजीतही लोक असेच एकेरीवर येत. उलटही होई: नेहमी 'दाऊ' म्हणणारा बाप अचानक 'यू' म्हणाला की मुलीने ओळखावं, दार बंद झालं.

हॅम्लेट आणि त्याच्या आईचा प्रसंग याचा नमुना आहे. आई म्हणते, 'हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलं आहेस.' ती 'दाऊ' वापरते, आणि 'वडील' म्हणते ते सावत्र बापाला. हॅम्लेट तिचंच वाक्य परत करतो: 'आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलं आहे.' इथे 'यू' आहे, आणि वडील म्हणजे मारला गेलेला सख्खा बाप. राणी असलेल्या आईला मुलाने 'यू' म्हणणं दरबारी रीतीला धरूनच होतं, तरी तिचंच वाक्य जसंच्या तसं उचलून फक्त सर्वनाम आणि बाप बदलल्यामुळे ते झोंबतं. आजच्या इंग्रजी प्रेक्षकाला हा फरक समजावून सांगावा लागतो. आईला जन्मभर 'तू' म्हणणाऱ्या मराठी माणसाला तिला उद्देशून आलेलं ते 'तुम्ही' ऐकताच गार वाटतं.

१०. बायबलमध्ये देवालाही 'दाऊ' आणि सैतानालाही 'दाऊ'. असं कसं?

कारण तिथे 'दाऊ' फक्त एकवचन दाखवतो. १६११ चं राजा जेम्सच्या आज्ञेने झालेलं इंग्रजी भाषांतर हे हिब्रू आणि ग्रीकमधल्या सर्वनामांशी प्रामाणिक राहिलं. मूळ भाषेत एकवचन असेल तिथे 'दाऊ', अनेकवचन असेल तिथे 'यी' किंवा 'यू', समोर कुणीही असो. ही पद्धत त्याआधी विल्यम टिंडेलने १५२६ च्या नव्या कराराच्या भाषांतरात घालून दिली होती. १६११ मध्ये लंडनच्या रस्त्यावर माणसं एकमेकांना असं बोलत नव्हती.

या काटेकोरपणाचा फायदा लूकच्या शुभवर्तमानात, बाविसाव्या अध्यायात दिसतो. येशू पेत्राला सांगतो की सैतानाने 'तुम्हांला' मागितलं आहे, पण मी 'तुझ्यासाठी' प्रार्थना केली आहे. संकट सगळ्या शिष्यांवर आहे, प्रार्थना एकट्या पेत्रासाठी. आधुनिक इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' येतो, म्हणून काही आवृत्त्यांना तळटीप द्यावी लागते. मराठीत तळटीप लागत नाही.

देवापुरता 'दाऊ' ठेवायची कल्पना पुढची आहे. अमेरिकेत १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या सुधारित भाषांतराने माणसांसाठी 'यू' घेतला आणि देवाला संबोधताना 'दाऊ' राखला. 'हा आदराचा शब्द' ही समजूत अशा निवडींमुळे आणखी घट्ट झाली. त्याच भाषांतराच्या १९८९ च्या नव्या आवृत्तीत तोही गेला.

११. 'दाऊ' म्हणणं हा अपमान होता का?

परक्याला किंवा बरोबरीच्या माणसाला म्हटलं तर होय. इंग्रजीत 'दाऊ'चं चक्क क्रियापद होतं, 'एखाद्याला दाऊ करणं', म्हणजे आपलं 'अरेतुरे करणं'.

याचा सगळ्यात गाजलेला दाखला न्यायालयातला. १७ नोव्हेंबर १६०३ रोजी विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. लंडनमध्ये प्लेग होता म्हणून तो तिथे हलवलेला. सरकारतर्फे एडवर्ड कोक बोलत होता. रॅले मोठा दर्यावर्दी, दरबारी, राणी एलिझाबेथच्या मर्जीतला. त्याला भर कोर्टात कोक म्हणाला, 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!' म्हणजे, मी तुला अरेतुरेच करणार, गद्दारा! आरोपपत्रात जे लिहिलं होतं ते सगळं त्या एका सर्वनामात आलं. रॅले दोषी ठरला, आणि पंधरा वर्षांनी, १६१८ मध्ये, त्याच शिक्षेवरून त्याचं डोकं उडवलं गेलं.

शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' नाटकात एक जण दुसऱ्याला द्वंद्वाचं आव्हान लिहायला शिकवताना म्हणतो की त्याला दोन-तीनदा 'दाऊ' करून टाक, बिघडत नाही. हा रॅलेच्या खटल्यावरचा टोमणा आहे असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तारखा जुळत नाहीत. नाटकाचा प्रयोग २ फेब्रुवारी १६०२ ला झाल्याची नोंद आहे, खटला पुढच्या वर्षाचा.

१२. क्वेकर लोक सगळ्यांनाच 'दाऊ' का म्हणत? आणि त्यांच्या तोंडी 'दी इज' असं विचित्र व्याकरण का?

जॉर्ज फॉक्सने सतराव्या शतकाच्या मध्यावर सुरू केलेल्या या पंथाचं म्हणणं साधं होतं: एका माणसाला अनेकवचन लावणं हे खोटं आणि वर खुशामत. देव सगळ्यांना सारखा, तर मग गरिबाला 'दाऊ' आणि श्रीमंताला 'यू' कशासाठी? ते न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणत आणि टोपीही काढत नसत. १६६० मध्ये फॉक्स आणि त्याच्या दोन साथीदारांनी एक आख्खा ग्रंथ काढून अनेक भाषांतल्या एकवचन-अनेकवचनांचे दाखले मांडले.

लोकांना हे सहन होत नसे. ज्याने पेन्सिल्व्हेनिया वसवलं तो विल्यम पेन क्वेकर झाला, तेव्हा त्याच्या आरमारी वडिलांनी तडजोड सुचवली असं सांगतात: बाकी कुणालाही 'दाऊ' म्हण, फक्त राजाला, राजाच्या भावाला आणि मला नको. मला या गोष्टीत बापाचीही दया येते. आपल्याकडे 'अहो बाबा' म्हणणाऱ्या पिढीतल्या मुलाने एके दिवशी 'अरे' सुरू केलं असतं तर घरात काय झालं असतं ते आठवून बघा.

'दी इज'बद्दल: पुढे, विशेषतः अमेरिकेतल्या क्वेकर घरांत, 'दाऊ' मागे पडला आणि कर्त्याच्या जागीही 'दी' आला, क्रियापद मात्र तृतीय पुरुषाचं. म्हणून 'दाऊ नोएस्ट'ऐवजी 'दी नोज'. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे चूक, पण त्या घरांतली ती खरी, जिवंत बोली होती. क्वेकर पात्राच्या तोंडी 'दाऊ आर्ट' घालण्याआधी काळ आणि देश तपासा.

१३. मग 'दाऊ' गेला कसा? आणि आज कुठे बोलतात का?

सतराव्या शतकात झपाट्याने मागे पडला आणि १७०० च्या सुमारास प्रमाण बोलण्यातून जवळजवळ संपला. लंडन वाढत होतं, माणसं गावं सोडून येत होती, व्यापारात पैसा कमावलेला माणूस कपड्यावरून ओळखू येईना. समोरच्याचा दर्जा कळत नसेल तर 'यू' म्हणणं सुरक्षित. चुकून जास्त मान दिला तर कुणी भांडत नाही, कमी दिला तर भांडतो. अशा सावधपणात जवळिकीचा शब्द झिजला. तो क्वेकरांशी जोडला गेल्यामुळे इतरांनी आणखी टाळला असंही म्हटलं जातं. उलट दिशेनेही भाषा जातात: स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून लोकांनी मानाची संबोधनं सोडून सरसकट 'डू', म्हणजे 'तू', स्वीकारला.

जागा रिकामी झाल्यावर घोळही झाला. अठराव्या शतकात बरेच लोक एका माणसाला 'यू वॉज' म्हणत, एकवचनाची सोय म्हणून. १७६२ मध्ये व्याकरणकार रॉबर्ट लाउथने त्याला मोठी चूक ठरवलं. एक-अनेक हा फरक आज फक्त 'युअरसेल्फ' आणि 'युअरसेल्व्ज'मध्ये शिल्लक आहे. बाकी ठिकाणी लोकांनी नवी अनेकवचनं घडवली: अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल', पिट्सबर्गला 'यिन्झ', आयर्लंड आणि लिव्हरपूलकडे 'यूझ'.

बोलींत 'दाऊ' अजून आहे. यॉर्कशायर-लँकेशायरच्या जुन्या माणसांकडून 'दा' ऐकू येतो, 'दा नोज' म्हणजे तुला ठाऊकच आहे. इथे 'ट' नाही, नुसता 'स'चा शेवट, आपल्या 'जाणतोस'च्या आणखी जवळचा. तिथे थोरांना 'दा' म्हणणाऱ्या पोराला सुनावतात की मला अरेतुरे करू नकोस, स्वतःला करून बघ कसं वाटतं ते. शेटलंड बेटांवर 'डू' चालतो.

१४. अनुवादात 'दाऊ'ला 'तू' आणि 'यू'ला 'तुम्ही', असं सरसकट लावलं तर चालेल?

पहिला अर्धा भाग बहुतेक ठिकाणी चालेल, दुसरा नाही. 'दाऊ'साठी 'आपण' तर कधीच नको. पण 'यू' १६०० च्या सुमारास बिनरंगी झाला होता (प्रश्न ८), त्यामुळे लंगोटीयार असलेले दोन सरदारही एकमेकांना 'यू' म्हणतात. मराठीत त्यांना 'तुम्ही' म्हणायला लावलं तर मैत्री मरते. सर्वनाम बदलतं ते क्षण आधी शोधा, खुणा करा, आणि तिथे मराठीतही बदल ऐकू येईल अशी व्यवस्था करा. बाकी नाती मराठी कानाने ठरवा. आपल्याकडे तीन पायऱ्या आहेत, तू-तुम्ही-आपण, त्यांचा उपयोग करून घ्या.

उलट दिशेचा प्रश्नही येतो: अभंगातल्या 'तू'ला इंग्रजीत 'दाऊ' करावा का? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'तूं'चा अर्थ 'दाऊ' असाच दिला आहे आणि व्युत्पत्तीने तो अचूक आहे. तरीही मी 'यू'च वापरीन. आजच्या इंग्रजी वाचकाला 'दाऊ'त जवळीक दिसत नाही, दगडी चर्च दिसतं, आणि विठोबाशी भांडणारा, त्याला नावं ठेवणारा भक्त एकदम धर्मोपदेशक वाटू लागतो.

१५. 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' म्हणजे 'रोमिओ, तू कुठे आहेस' ना?

नाही. 'व्हेअरफोर' म्हणजे 'का'. तू रोमिओ का आहेस, वैऱ्याच्या घराण्यातलं नाव तुझं का, असं ज्युलिएट विचारते आहे. तो खालीच उभा आहे हे तिला माहीत नाही.

१६. 'दाऊ' रोज बोलणारा कुणी माणूस मराठीच्या वाट्याला आला होता का?

आला होता. फादर थॉमस स्टीफन्स. जन्म १५४९ चा, इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातला. शेक्सपिअरपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये तो गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत याच भागात राहिला. 'ख्रिस्तपुराण' त्याचंच: सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, १६१६ मध्ये राशोलला छापलेल्या.

त्याच्या लहानपणीच्या विल्टशायरमध्ये आई मुलाला 'दाऊ' म्हणत असे आणि मूल मोठ्यांना 'यू'. त्यामुळे गोव्यातल्या साष्टीच्या ख्रिस्ती घरांत 'तू' कुणाला आणि 'तुम्ही' कुणाला, देवाला एकेरी का, हे त्याला नव्याने समजून घ्यावं लागलं नसणार. नंतरच्या शतकांत मराठी शिकायला बसलेल्या साहेबांना हा फरक पुस्तकातून घोकावा लागला, कारण तोवर त्यांच्या घरातला 'दाऊ' गेलेला होता.